सरींच्या दिवसांत वरळीचा किनारा

पावसाळ्यांत पक्षी पाहावयास जाणें हें पुष्कळांस वेडेपणाचें वाटतें. आकाशांत ढग, अंगावर सरी आणि पायांखालीं शेवाळ अशा दिवशीं पांखरें तरी बाहेर पडत असतील काय, असा प्रश्न एका पालकांनीं सहलीच्या आदल्या दिवशीं आम्हांस विचारिला. प्रश्न अगदीं वाजवी होता. त्या क्षणीं आम्हीं हंसून वेळ मारून नेली. पण त्याचें नीट उत्तर द्यावें म्हणूनच हा लेख लिहीत आहों. थोडक्यांत उत्तर असें कीं, पांखरांस छत्री नाहीं आणि सुटीहि नाहीं. रोजची भाकर त्यांस रोजच शोधावी लागते. आणि ज्या दिवशीं ती मिळविणें कठीण, त्या दिवशीं त्यांचें चातुर्य, त्यांचा धीर आणि त्यांच्या शरीराची घडण हीं जितकीं स्पष्ट दिसतात, तितकीं स्वच्छ उन्हाच्या दिवशीं दिसत नाहींत.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांतील एका शनिवारीं, भाद्रपदी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशीं, सकाळीं सातच्या सुमारास आम्ही दोन शिक्षक आणि सतरा विद्यार्थी वरळीच्या कोळीवाड्यांत जमलों. कोणी लालबागेहून, कोणी परळाहून, कोणी दादरहून बसनें आले होते. एक विद्यार्थी मात्र कोळीवाड्यांतलाच असल्यामुळें त्या दिवशीं आमचा यजमान व वाटाड्या तोच होता. वरळीचें हें उत्तरेकडील टोंक म्हणजे समुद्रांत घुसलेली जमिनीची जीभच होय. टोंकावर सतराव्या शतकांतील लहानसा किल्ला, समोर माहीमचा उपसागर, आणि वांद्र्याकडे गेलेला, ३० जून २००९ रोजीं खुला झालेला सागरी सेतु. किल्ल्याच्या पायथ्याशीं काळे खडक आहेत. आमची शाळा त्या दिवशीं त्या खडकांवर भरणार होती.

किनाऱ्यावर पक्षी पाहावयाचे तर घड्याळाच्या आधीं तिथि पाहावी लागते. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य, चंद्र आणि पृथ्वी हीं जवळजवळ एका रेषेंत येतात. सूर्य व चंद्र या दोघांच्या आकर्षणांची बेरीज होऊन समुद्राचें पाणी फार चढतें व तितकेंच फार उतरतें. यास आपले कोळी लोक उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हीं आकर्षणें काटकोनांत पडतात व चढउतार थोडा होतो, तो भांग. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती व ओहोटी यांच्या पातळींत चार मीटरांहून अधिक अंतर पडतें, म्हणजे घराच्या एका मजल्याहून उंच पाणी दिवसांतून दोनदां येतें व जातें. मुंबईस पौर्णिमेच्या सुमारास भरती साधारणपणें दुपारीं व मध्यरात्रीं बाराच्या आगेमागें, आणि ओहोटी सकाळीं व सायंकाळीं सहाच्या आगेमागें असते. पुढें प्रत्येक दिवशीं ही वेळ सुमारें पन्नास मिनिटांनीं लांबते. तेव्हां तिसऱ्या दिवशीं पूर्ण ओहोटी किती वाजतां, हें गणित आम्हीं मुलांस आदल्या दिवशींच घातलें होतें. उत्तर साडेआठ आलें, आणि समुद्रानें तें बरोबर ठरविलें.

ओहोटी लागली कीं खडक उघडे पडतात. त्यांच्या खळग्यांत खेंकडे, कोळंबी, लहान मासे अडकून राहतात. खडकांच्या अंगास कालवें चिकटलेलीं असतात. कोळणी बाया कालवें काढावयास याच वेळीं येतात, आणि पक्षीहि याच वेळीं येतात, कारण दोघांचेंहि ताट एकदमच वाढलेलें असतें. विद्यार्थ्यांनीं पहिला धडा हा लक्षांत ठेवावा कीं, पक्षी कोठें आहेत असें विचारीत हिंडूं नये. त्यांचें अन्न कोठें उघडें पडलें आहे तें शोधावें, म्हणजे पक्षी आपोआप सांपडतात. आपल्याच मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, शिवडीस, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे मोठे थवे उतरतात, आणि येथें पश्चिमेस वरळीला ते उतरत नाहींत, याचें कारणहि हेंच. रोहित आपली वांकडी चोंच उलटी धरून चिखलाचें पाणी गाळून खातो. त्यास शांत, विस्तीर्ण चिखल पाहिजे. वरळीस आहे तो लाटांचा मार आणि कठीण पाषाण. ज्याची चोंच जशी, त्याचा किनारा तसा.

या पाषाणाचा खरा धनी समुद्रबगळा होय. आम्ही पोंचलों तेव्हां पांच समुद्रबगळे निरनिराळ्या खळग्यांपाशीं उभे होते. चार पाटीच्या रंगाचे, गळ्याखालीं पांढरा ठिपका असलेले, आणि पांचवा संबंध पांढरा. त्या पांढऱ्यास पाहून आम्हीं मोठ्या विश्वासानें मुलांस सांगितलें कीं, हा निराळा; हा लहान बगळा, जो तळ्यांवर व भातशेतांत दिसतो. तेव्हां आमचा कोळीवाड्यांतला विद्यार्थी भीत भीत म्हणाला, "सर, तो पण यांच्यातलाच आहे. हे काळे आणि पांढरे दोन्ही असतात." आम्हीं दुर्बीण लाविली. लहान बगळ्याची चोंच बारीक व काळी असते. याची चोंच जाड, किंचित् वांकलेली व पिंवळट होती. मुलाचें म्हणणें खरें ठरलें. समुद्रबगळ्यांत गडद व पांढरा अशीं दोन रूपें असतात, आणि दोहोंची जोडीहि जमते. आम्हीं आमची चूक मुलांदेखत वहींतून खोडली. शिक्षकानें खोडलेली ओळ हाहि एक धडाच असतो असें आम्हांस वाटतें.

हा बगळा शिकार कशी करितो तें पाहण्यासारखें आहे. तो खळग्याच्या कांठीं थबकतो, मग एक पिंवळा पाय पाण्यांत घालून हळूंच ढवळतो. दडलेला मासा हललाच तर चोंच सुटलीच म्हणून समजावें. आम्हीं एका बगळ्याचे दहा घाव मोजले. मासा मिळाला तो तिनांत. सात वेळां रिकामी चोंच वर आली, आणि सातहि वेळां तो पुन्हां तसाच उभा राहिला. परीक्षेंत एकदां अपयश आल्यावर पुस्तक मिटून बसणाऱ्या मुलांनीं या बगळ्याकडे थोडा वेळ पाहावें.

इतक्यांत पश्चिमेकडून सर आली. मुलें किल्ल्याच्या भिंतीच्या आडोशास धांवलीं, परंतु तेथून पक्ष्यांवर नजर ठेवावी अशी आमची आज्ञा होती. सर जोरांत येतांच सर्व बगळ्यांनीं आपलीं तोंडें वाऱ्याकडे केलीं व मान आंखडून ते दगडासारखे स्तब्ध झाले. हें कां? पक्ष्याचीं पिसें घराच्या कौलांसारखीं पुढून मागें एकावर एक बसविलेलीं असतात. वारा समोरून आला तर तीं अंगास दाबून बसतात व पाणी ओघळून जातें. मागून आला तर तीं उचकटतात व पाणी कातडीपर्यंत शिरतें. शिवाय पुष्कळ पक्ष्यांच्या शेंपटीच्या मुळाशीं तेलाची एक ग्रंथि असते. चोंचीनें तें तेल घेऊन पक्षी तें पिसांस चोळितो. त्यानें पिसें मऊ राहतात व पाणी धरीत नाहींत. सर ओसरतांच बगळ्यांनीं अंग झाडलें आणि प्रत्येक पीस चोंचींतून ओढून सारखें केलें. हा शृंगार नव्हे. हें छप्पर शाकारणें आहे.

तेवढ्यांत एका मुलानें पाण्यांत रोंविलेल्या खांबाकडे बोट दाखविलें. तेथें एक पाणकावळा दोन्ही पंख पसरून, जणू दोरीवर सदरा वाळत घातला आहे, असा बसला होता. मुलांनीं विचारिलें कीं, याच्यापाशीं तेल नाहीं काय? तेल आहे, पण त्याच्या पिसांची ठेवणच अशी कीं बाहेरचा भाग पाण्यानें भिजतो. यांत त्याचें नुकसान नसून सोय आहे. पिसांत हवा कमी राहिल्यानें त्यास बुडी मारणें सोपें जातें व पाण्याखालीं तो माशाचा पाठलाग करितो. मग मात्र वर येऊन पंख वाळवीत बसावें लागतें. बगळा भिजत नाहीं म्हणून काठावर उभा राहून मासा धरितो. पाणकावळा भिजतो म्हणून खोल जातो. निर्मात्यानें एकाच पाण्यांतून दोघांस दोन निराळ्या वाटा दिल्या आहेत.

साडेनऊच्या सुमारास ऊन पडलें व खडकांवर कांहीं बारीक हालचाल दिसली. चिमणीहून मोठें, पाठीनें तपकिरी, पोटानें पांढरें असें एक पांखरूं शेंपटीकडचा भाग सारखा खालींवर हालवीत पाण्याच्या कडेनें धांवत होतें. ही तुतारी. थोड्याच अंतरावर आखूड चोंचीचे, गोल डोक्याचे आठ चिखल्ये होते. ते चार पावलें धांवत, थांबत, वांकत आणि पुन्हां धांवत. या पांखरांस पाहून मुलांस विशेष कांहीं वाटलें नाहीं. पण तीं कोठून आलीं हें सांगतांच सगळे गप्प झाले. यांचा जन्म आपल्याकडचा नव्हे. तुतारी काश्मीर, लडाख व त्याहि उत्तरेच्या थंड प्रदेशांत नद्यांच्या कांठीं घरटीं करिते. या चिखल्यांचीं घरटीं लडाख, तिबेट अशा उंच पठारांवर असतात. तिकडचा उन्हाळा अगदीं थोडक्या दिवसांचा. पिलें वाढतांच हे पक्षी दक्षिणेकडे निघतात, आणि आपल्याकडे पाऊस अजून पडत असतां, ऑगस्ट-सप्टेंबरांतच, किनाऱ्यावर हजर होतात. हिवाळी पाहुणे म्हणून आपण त्यांस ओळखितों, पण ते येतात पावसांत. पवित्र शास्त्रांत यिर्मया संदेष्ट्यानें पक्ष्यांस आपला येण्याचा काळ कळतो याचा दाखला देऊन मनुष्यांस लाजविलें आहे. पंचांग नाहीं, वाट दाखविणारा नाहीं, आणि तरी ही तुतारी वरळीच्या त्याच खडकावर वेळेवर आली होती.

दहा वाजतां आम्हीं वह्या तपासल्या. एका मुलाच्या वहींत "समुद्रपक्षी कुरव, सहा" अशी नोंद होती. आम्हांस नवल वाटलें. लांब पंखांचे, पांढऱ्या-राखी रंगाचे कुरव मुंबईच्या किनाऱ्यावर थंडींत फार असतात; पण त्यांतील तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटांतील सरोवरांवरून व काळ्या डोक्याचे कुरव मध्य आशियाकडून यावयाचे असतात, आणि त्यांचे थवे बहुधा ऑक्टोबरनंतरच दिसूं लागतात. आम्हीं विचारिलें, "बाळ, हे तूं कोठें पाहिलेस?" तो कांहीं वेळ खालीं पाहत राहिला, मग म्हणाला, "सर, पाहिले नाहींत. समुद्रावर असतात म्हणून लिहिलें. बाकीच्यांची यादी माझ्याहून मोठी होती." आम्ही रागावलों नाहीं, कारण ही खोड त्या एकट्याची नव्हे. यादी मोठी दिसावी म्हणून मोठी माणसेंहि न पाहिलेलें पाहिलें असें लिहितात. आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, त्या ठिकाणीं "कुरव दिसले नाहींत" असें लिही. कारण सप्टेंबरांत वरळीस कुरव नसणें ही देखील एक नोंद आहे, आणि ती खरी आहे. कोणी पुढें विचारील कीं कुरव मुंबईस केव्हां येतात, तर तिचा त्यास उपयोग होईल. खोट्या सहांचा उपयोग कोणासच होणार नाहीं.

त्यानंतर आम्ही आमच्या यजमान विद्यार्थ्याच्या घरीं गेलों. त्याचे आजोबा जन्मभर होडीवर गेलेले. यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीची बंदी असे आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून कोळी पुन्हां दर्यावर जात, हें त्यांनीं समजावून सांगितलें. मग बोलतां बोलतां ते म्हणाले कीं, खोल पाण्यांत गेल्यावर अगदीं लहान, काळीं, ढुंगणावर पांढरा पट्टा असलेलीं पांखरें त्यांनीं पाहिलीं आहेत. तीं पाय लोंबते सोडून पाण्यावर चालल्यासारखीं दिसतात. ऐकतांच आम्हांस फार आनंद झाला, कारण हें वर्णन विल्सनच्या वादळी पेट्रेलचें आहे. वजन सुमारें चाळीस ग्रॅम, म्हणजे मूठभरहि नाहीं. याचीं घरटीं दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिकाच्या कपारींत असतात, आणि तिकडे हिवाळा असतां हें पांखरूं विषुववृत्त ओलांडून आपल्या अरबी समुद्रावर पावसाळा काढतें. पेट्रेल हें नांव पाण्यावरून चालत प्रभूकडे निघालेल्या पेत्रावरून पडलें असें म्हणतात. एका तुतारीचा गांव उत्तरेस हिमालयांत, दुसऱ्या पांखराचा दक्षिण ध्रुवापाशीं, आणि दोघांची गांठ वरळीच्या एका म्हाताऱ्या कोळ्याच्या ओटीवर पडली!

दुपारीं भाकरी खाऊन आम्ही दक्षिणेकडे वरळीच्या समुद्रकांठच्या रस्त्यानें निघालों. आतां भरती चढत होती व अडीचच्या सुमारास ती पूर्ण व्हावयाची होती. वारा नैर्ऋत्येकडचा व जोराचा. पुन्हां एक मोठी सर येऊन गेली; ती ओसरतांच कावळ्यांचा कलकलाट ऐकूं आला. भिंतीच्या कडेस पांच-सात कावळे कशास तरी टोचीत होते. मुलें धांवलीं. पाहतों तों पारव्याएवढ्या लांबीचें, पण अंगानें फार हलकें असें एक पांखरूं पंख अर्धे पसरून बसलें होतें. पाठ काळसर व खवल्यांसारख्या फिकट कडांची, पोट पांढरें, कपाळावरून डोळ्यामागें गेलेली पांढरी भुंवई, आणि चोंचीपासून डोळ्यापर्यंत काळी रेघ. हा समुद्रांतील सुरय होता. त्या रेघेमुळें, घोड्याच्या लगामासारखी ती दिसते म्हणून, यास इंग्रजींत ब्रायडल्ड टर्न म्हणतात. याचीं घरटीं आपल्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वेंगुर्ल्याच्या समुद्रांतील खडकांवर होतात. पिलें उडूं लागल्यावर हे पक्षी खोल समुद्रावर राहतात व एरवीं शहराच्या किनाऱ्यास येत नाहींत. परंतु पावसाळी वारे सतत वाहूं लागले कीं थकलेलीं, विशेषतः पहिल्याच वर्षाचीं पांखरें किनाऱ्याकडे लोटलीं जातात.

आतां मुलांचा उतावीळपणा पाहा. एक म्हणाला, याला समुद्रांत सोडूं या. दुसरा पाव घेऊन आला. तिसरीनें पाण्याची बाटली त्याच्या चोंचीस लाविली. तिघांचाहि हेतु चांगला आणि तिघांचाहि उपाय घातक. कारण असें कीं, उपाशी व थकलेल्या पक्ष्यास पिसांस तेल लावण्याचें भान राहत नाहीं. पिसें भिजतात, अंग गार पडतें, आणि तशा स्थितींत पाण्यांत टाकिलें तर तो बुडतो. पाव व दूध हें त्याचें अन्नच नव्हे. बळेंच ओतलेलें पाणी श्वासनलिकेंत जातें. म्हणून करावयाचें तें इतकेंच: मोठ्या माणसानें कापडानें पंखांसकट अलगद धरावें, भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत सुकें कापड घालून त्यावर ठेवावें, झांकण लावून अंधार व शांतता ठेवावी, पंख्याचा वारा लागूं देऊं नये, वारंवार उघडून पाहूं नये, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. बगळ्यासारखा लांब चोंचीचा पक्षी असेल तर आपले डोळे संभाळावे. आणि शेवटीं हात साबणानें धुवावे. आमच्या वाटाड्यानें जवळच्या दुकानांतून खोकें आणिलें. आम्हीं आमचा टॉवेल दिला. दोन तासांनीं तें पांखरूं जाणत्या माणसांच्या स्वाधीन झालें.

सोमवारीं कळलें कीं, तें रविवारीं पहाटे मेलें. वर्गांत ही बातमी सांगितली तेव्हां बाटली धरणारी मुलगी म्हणाली, "मग आपण केलं ते फुकटच गेलं ना, सर?" या प्रश्नाचें उत्तर आम्हीं लगेच दिलें नाहीं. पाव शिल्लक राहिला तर तो उद्यां खातां येतो. पण दया शिल्लक ठेवून उद्यां वापरूं म्हटलें तर ती नासते. ती ज्या घडीस पाहिजे त्याच घडीस करावयाची असते, आणि फळ मिळालें नाहीं म्हणून ती वायां जात नाहीं. शुभवर्तमानांतील चिमणीची गोष्ट आमच्या मुलांस ठाऊक आहे. ती चिमणी पडूं नये असें तेथें सांगितलेलें नाहीं, तिच्या पडण्याकडे लक्ष आहे एवढेंच सांगितलें आहे. तसें लक्ष त्या दिवशीं सतरा मुलांनीं दिलें.

आणि मेलेलें पांखरूंहि शिकवितें, याचा मोठा दाखला आपल्या गिरगांवांतच आहे. डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) हे गिरगांवांतील खेतवाडींत वाढले, आणि त्यांचें पहिलें शिक्षण एका मिशनरी शाळेंत झालें. दहाबारा वर्षांचे असतांना त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारिली. त्या काळीं मुलांस हा खेळ वाटे. पण हातांत घेऊन पाहतात तों तिच्या गळ्यावर पिंवळा डाग. ही नेहमींची चिमणी नव्हे, मग कोणती? त्यांच्या मामांनीं त्यांस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडिलें. ही संस्था १८८३ सालीं मुंबईंत स्थापन झाली आहे. तेथील चिटणीस मिलर्ड यांनीं त्या पोराची थट्टा न करितां चिमणी ओळखून दिली, आणि संग्रहांतील पक्ष्यांचे खण उघडून दाखविले. त्या एका प्रश्नांतून भारताचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ निपजला. आपल्या आत्मवृत्तास त्यांनीं १९८५ सालीं चिमणीच्या पडण्याचेंच नांव दिलें. याच सलीम अलींनीं हुमायुन अब्दुलअली यांच्यासह १९३६ ते १९३९ या काळांत मुंबई व साष्टी येथील पक्ष्यांची यादी त्या सोसायटीच्या नियतकालिकांत छापिली. त्यांनीं न पाहिलेले कुरव भरून यादी लांबविली असती, तर आज ती कोणी उघडिली नसती.

अशा नोंदींची गरज वरळीस आज अधिक आहे. वरळीचा किनारा मनुष्यानें पूर्वींहि बदलला. वरळी हें एके काळीं निराळें बेट होतें; १७८४ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या हॉर्नबी व्हेलार्डच्या बांधानें महालक्ष्मीकडील खाडी बंद होऊन तें मुंबईस जोडलें गेलें. आतां समुद्राच्या बाजूनें भर घालून किनारी रस्ता गेला आहे; त्याचा पहिला भाग मार्च २०२४ मध्यें खुला झाला. त्या कामासाठीं २०२० सालीं वरळी व हाजी अली येथील खडकांवरील प्रवाळांच्या कांहीं वसाहती उचलून दुसरीकडे बसविण्यांत आल्या. रस्ता लोकांच्या सोयीचा आहे, त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. आम्हीहि त्यावरून जातों. परंतु प्रवाळ उचलून नेतां येतो, तुतारीस कोणी उचलून नेऊं शकत नाहीं. ती आपल्या खडकावर येईल. खडक असला तर उतरेल, नसला तर पुढें जाईल. ती गेली हें कळण्यासाठीं ती येत होती हें कोणी तरी आधीं लिहून ठेविलेलें असलें पाहिजे. हें काम मोठ्या विद्वानांचेंच आहे असें नाहीं. एक वही, एक पेन्सिल आणि खरें बोलण्याची संवय एवढ्यावर तें होतें.

ज्या विद्यार्थ्यांस हा छंद लावून घ्यावयाचा असेल त्यांनीं प्रत्येक नोंदीस तारीख, वेळ, ठिकाण, भरती-ओहोटी, वारा व पाऊस हीं आधीं लिहावीं. मग पक्ष्याचा आकार, चोंच, पाय, रंग आणि वागणूक. नांव सर्वांत शेवटीं. नांव ठाऊक नसेल तर जागा कोरी ठेवावी. मराठी नांवांसाठीं मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश ग्रंथालयांतून घ्यावा. नोंद पक्की झाल्यावर ती ई-बर्ड या जागतिक नोंदवहींत मोठ्यांच्या मदतीनें घालतां येते. थंडींत कुरव आले म्हणजे त्यांस शेव-गांठ्या टाकूं नयेत. तें त्यांचें अन्न नव्हे. पालकांस विनंति अशी कीं, भरतीच्या वेळीं व ओल्या शेवाळी खडकांवर मुलांस एकटें सोडूं नये. समुद्र कोणाचीहि परीक्षा पुन्हां घेत नाहीं.

त्या दिवसाच्या सतरा वह्या आमच्या कपाटांत आहेत. कांहींत अकरा पक्षी आहेत, कांहींत चौदा. ज्या वहींत सहा कुरव होते, तींत आतां ती ओळ खोडलेली आहे, आणि खालीं त्याच मुलाच्या अक्षरांत पुढील नोंद आहे: "ब्रायडल्ड टर्न, एक, लहान वयाचा. दुपारीं पाऊण वाजतां, चढती भरती, नैर्ऋत्येचा वारा, पावसाची सर नुकतीच थांबलेली. कावळे टोचीत होते. रविवारीं पहाटे मेला. कुरव दिसले नाहींत." यंदाच्या सर्व वह्यांत ही आम्हांस सर्वांत चांगली वाटली.